नॉर्बची मांस-सोडत

नॉर्ब ग्रॅब्स्की बर्फ हटवणारा नगरपालिकेचा ट्रक चालवायचा, आणि त्या हिवाळ्यात तो रोज सकाळी खिडकीशी उभा राहून बर्फ पडू नये म्हणून देवाला साकडं घालत होता. अमेरिकेतल्या बफेलो गावच्या देवाला अशी विनंती ऐकायची सवय नसावी, कारण त्याने ती अजिबात मनावर घेतली नाही. तळ्यावरून ढग आले आणि रस्ते, गाड्या, पत्रपेट्या सगळं गुडूप झालं.

भानगड घराची होती. नॉर्ब आणि त्याची बायको डार्लीन लग्न झाल्यापासून डार्लीनच्या लोरेन मावशीच्या घरात, वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. मावशी खाली. वर कोणी बूट घालून चाललं, की ती झाडूचा दांडा छताला ठोकायची. दांडा ठोकला की नॉर्ब बूट काढायचा. असा त्यांचा संसार चालला होता. आता त्यांनी एक छोटं घर हेरलं होतं, स्वतःचं गॅरेज असलेलं. कर्ज बँक देणार होती आणि सुरुवातीला भरायच्या रकमेसाठी घरकुल कार्यालय मदत करणार होतं. पहिलंच घर घेणाऱ्यांसाठी तशी योजना होती. अट एकच, कमाई ठरावीक मर्यादेच्या वर जाता कामा नये. यातलं मावशीला अजून काहीच सांगितलं नव्हतं. तेवढी हिंमत दोघांतही नव्हती.

"तुम्ही मर्यादेच्या जेमतेम आत आहात," घरकुल कार्यालयातल्या मिस टॉलिव्हर म्हणाल्या. "ओव्हरटाइम जपून घ्या. शेवटच्या काही पगारांवरून आम्ही वर्षाचा हिशेब धरतो."

"म्हणजे जानेवारीत बर्फ पडला, तर जुलैतही पडला असं धरणार?"

"हो."

"अहो, जुलैत बर्फ पडत नाही!"

"मला ठाऊक आहे, मिस्टर ग्रॅब्स्की. कॅल्क्युलेटरला ठाऊक नाही."

त्या रात्रीपासून नॉर्बने ओव्हरटाइम नाकारायला सुरुवात केली. त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून मुकादम डुगनचा फोन आला की तो फक्त "आज जमणार नाही" म्हणायचा. पहिल्यांदा डुगनने शिवी हासडली. दुसऱ्यांदा त्याने "बरा आहेस ना?" एवढंच विचारलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"नॉर्ब, डॉक्टर काय म्हणाले रे?"

"त्याबद्दल काही विचारू नका," खरं कारण तोंडातून निसटेल या भीतीने नॉर्ब गडबडून म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

तिथून पुढे नॉर्बला जगच कळेनासं झालं. बेकरीवालीने पावाचे पैसे घेतले नाहीत. चर्चमधल्या एका म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेतला, तो सोडेचना. मावशीने दोन वेळा सूप वर आणून दिलं आणि नॉर्ब बूट घालून घरभर फिरला तरी झाडूचा दांडा वाजला नाही. तेव्हा मात्र तो घाबरला.

"मावशीला घराचं कळलं की काय?"

"कळलं असतं तर सूप कशाला आणलं असतं?" डार्लीन म्हणाली. "दांडा घेऊन वर आली असती."

उलगडा बेकरीच्या काचेवर झाला. तिथे नॉर्बचाच फोटो होता. लग्नातलाच होता, फक्त डार्लीन कापलेली. खाली लिहिलं होतं, आपल्या नॉर्बच्या उपचारांसाठी मांस-सोडत, शनिवारी दुपारी, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. संयोजक लोरेन मावशी. त्या गावात कोणी अंथरुणाला खिळलं की लोक अशी सोडत ठेवतात. तिकिटं विकायची, चाक फिरवायचं, जिंकणाऱ्याला हॅम नाहीतर सॉसेज द्यायचं आणि जमलेले पैसे आजाऱ्याला. नॉर्बने स्वतः अशा सोडतींत कित्येक हॅम जिंकले होते. बर्फाला नाही म्हणणारा ड्रायव्हर मरणपंथालाच लागलेला असणार, असं गावाने आपसात ठरवून टाकलं होतं.

"आजच्या आज खरं सांगून टाकू," नॉर्ब म्हणाला. तेवढ्यात बँकेतून फोन आला.

"तुमचा पगार बराच घसरलाय, सर. एवढ्यावर कर्ज बसत नाही."

"जास्त झाला तर मदत मिळत नाही, कमी झाला तर कर्ज मिळत नाही. मग माणसाने कमवायचं तरी किती?"

"मदत म्हणजे दुसरं ऑफिस, सर."

नॉर्बने मिस टॉलिव्हरना फोन लावला. त्यांनी बराच वेळ बटणं दाबली. "एक चांगलं वादळ पुरेल," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन नकोत. आणि ते या आठवड्यातच हवं."

नॉर्बने खिडकीशी जाऊन आधीचं साकडं मागे घेतलं.

शनिवारी हॉल गच्च भरला. एवढी माणसं पाहून त्याची जीभ रेटेना. लोक त्याच्या नावाने बिअर पीत होते, रडत होते आणि सॉसेज जिंकत होते. नॉर्बने बिअरला हात लावला नाही. तो कोपऱ्यात पाण्याचा ग्लास धरून बसला. एवढ्यात दार उघडून डुगन आत आला, बर्फाने पांढराफटक. "तळ्यावरून वादळ आलंय! सगळे ड्रायव्हर चला!"

नॉर्ब ताडकन उठला. "मी येतो!"

"तू बस खाली. हॅम खा."

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"शेवटी सगळे असंच म्हणतात," मागून कोणीतरी डोळे पुसत म्हणालं.

नॉर्बने सोडतीचा माईक हिसकावला. "मी आजारी नाही! मला घर घ्यायचंय! कमाई वाढली तर मदत जाते, म्हणून मी ओव्हरटाइम घेत नव्हतो. आता कमाई कमी पडली म्हणून बँक अडलीये. मला आज ट्रक हवाय हो!"

हॉलमध्ये सोडतीचं चाक तेवढं टकटक करत फिरत राहिलं. मग लोरेन मावशी उठली.

"डार्लीन, मी तुझ्यासाठी काळा कोट शोधून ठेवलाय. मला वाटलं तू विधवा होणार. आणि तू तर घर सोडून चाललीस!"

"मावशी, तुला सांगायची भीती वाटली गं."

"वाटायलाच हवी." मावशीने नाक पुसलं. तिला खरंच लागलं होतं.

"पैसे सगळ्यांना परत देतो," नॉर्ब पुटपुटला.

"आणि लोकांनी जिंकलेले हॅम? ते काय परत डुकराला लावायचे? पैसे या हॉलच्या छपराला जातील." मग ती डुगनकडे वळली. "बघतोस काय? इथल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या पोटात बिअर आहे. पाणी प्यायलेला हा एकटाच. दे त्याला किल्ली!"

नॉर्बने त्या वादळात अख्खं गाव मोकळं केलं, आणि सगळ्यात आधी मावशीची गल्ली. पगार दोन्ही ऑफिसांच्या चिमटीत नेमका बसला. वसंतात घर झालं. मावशी दर रविवारी जेवायला येऊ लागली. वर कोणी चालत नाही, म्हणून झोप लागत नाही, अशी तिची नवी तक्रार होती. ती ऐकून डार्लीनला भरून यायचं.

पुढच्या हिवाळ्यातल्या पहिल्या बर्फाचा दिवस रविवारच होता. नॉर्ब ट्रक घेऊन आपल्याच रस्त्यावरून ऐटीत गेला आणि रस्ता साफ करताना त्याने आपल्याच गॅरेजसमोर कमरेइतकी बर्फाची भिंत रचून ठेवली. डार्लीन फावडं घेऊन बाहेर आली आणि ट्रकच्या नावाने शंख करू लागली. घरात मावशीने झाडूचा दांडा खिडकीच्या चौकटीवर ठोकला.

तो आवाज ट्रकमध्ये पोचला आणि नॉर्ब मुकाट्याने बूट काढायला वाकला.