तीस फूट केबल

स्पीकरच्या वायरी बदलायच्या, एवढंच आनंदरावांनी ठरवलं होतं. त्यात कुणाचं वाईट व्हावं असं काय होतं, सांगा बरं?

आनंदराव मांडवगण फराट्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क. घरची शेती थोरले बंधू तात्याबा बघायचे आणि आनंदराव गाणी ऐकायचे. (कामाची वाटणी म्हणतात ती हीच.) पण हल्ली त्यांच्या दोन उंच स्पीकरांतून आवाज पोकळ यायचा, गाणारा रांजणात बसून गातोय असा. मोबाईलवर कुठल्याशा टाय लावलेल्या गृहस्थानं सांगितलं, दोष वायरीचा. वायर पाहिजे जाड आणि शुद्ध तांब्याची. आनंदराव लगोलग शिरूरला गेले. दुकानदार म्हणाला, "तसली ठेवत न्हाई साहेब. मागवावी लागंल. पंधरा दिवस धरा." पंधरा दिवस! आनंदरावांना पंधरा मिनिटं दम निघत नव्हता.

घरी आले तर गोठ्याशेजारच्या खोलीत नव्याकोऱ्या केबलचं वेटोळं. तात्याबांनी बोअरच्या मोटरीसाठी आणलेली; चपटी, जाड, आत अस्सल तांबं. आनंदरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जी केबल तीनशे फूट खालची साडेसात एचपीची मोटर चालवते, तिला एक भावगीत काय जड जाणार? शेतकरी माणूस केबल घेताना चार हात जास्तच घेतो, अशी मनाची समजूत घालून त्यांनी तीस फूट कापली. एकेका स्पीकरला पंधरा. आत तारा निघाल्या तीन. तिसरी कुठं लावायची ते कळेना, म्हणून तिला टेप गुंडाळून गप्प बसवली. केबल इतकी ताठ की सतरंजीखालून सारखी डोकं वर काढायची; शेवटी तिच्यावर गव्हाचं पोतं ठेवलं. आवाज? होता तसाच. पण आनंदराव स्वतःलाच म्हणाले, "आता कसं भरदार वाटतंय!"

चौथ्या दिवशी मोटर बोअरमध्ये सोडली आणि केबल बरोबर तीस फूट कमी पडली. मोटर लटकलेली, पाणी तिच्या खाली, आणि रानात कांदा माना टाकतोय. तात्याबांनी केबलचं ताजं कापलेलं टोक हातात धरलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. भीमेकाठी केबल चोरीला जाणं नवं नाही, पण चोर नेतो ती सगळी नेतो. तीसच फूट नेणारा चोर ओळखीतला, असं जमलेल्या मंडळींनी ठरवून टाकलं. त्या खोलीत घरच्यांशिवाय गेलं कोण होतं? इंद्रजीत! आनंदरावांचा मेव्हणा, त्यांच्या बायकोचा, नीलमचा धाकटा भाऊ. दौंडला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे जळक्या मोटरींत नवी तांब्याची तार भरायचं. हीच मोटर दुरुस्त करून त्यानं सोमवारी त्याच खोलीत आणून ठेवली होती. तांब्याचा तर त्याचा धंदाच.

आनंदराव पतसंस्थेतून रानात पोचेपर्यंत इंद्रजीतला फोन जाऊन तो हजरही झाला होता.

"इंदर, केबल कुठं हाय?" तात्याबांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"मला काय म्हाईत तात्या?" इंद्रजीतचा चेहरा पडला. त्यानं हत्यारांची पिशवी मातीत उपडी केली. "घ्या, बघा." पक्कड, टेस्टर, टेप, आणि बहिणीसाठी आणलेली पेढ्यांची पुडी. पुडी बघून आनंदराव पुढं झाले.

"तात्या, केबल मी घेतली," ते म्हणाले.

"तू? कशाला?"

"स्पीकरला."

असा हशा पिकला की बाभळीवरची पाखरं उडाली.

"आरं, थाप मारायची तर जरा बरी तरी मार! साडेसातच्या मोटरीची केबल आन् स्पीकरला?" हसता हसता तात्याबांनी आनंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "मेव्हण्याची अब्रू झाकायला स्वतःवर घेतोय. बघ इंदर, असा दाजी मिळायला नशीब लागतं."

"दाजी," इंद्रजीत म्हणाला, "खरं काय ते सांगा ह्यांना."

'चला, घरी दाखवतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण चारचौघांत आनंदरावांना उभ्या जन्मात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांनी नुसती मान खाली घातली, आणि मंडळींना ती थोर माणसाची मान वाटली. इंद्रजीतनं हत्यारं भरली, पुडी तिथंच राहू दिली आणि गाडीला किक मारून निघून गेला.

घरी नीलम पदरानं डोळे पुसत बसली होती. "माझ्या भावापायी तुम्ही खोटं बोललात, लई उपकार झाले. पण त्यानं असं करावं व्हय? माझ्या कडेवर वाढलाय वो तो."

हे मात्र सोसवेना. आनंदरावांनी पोतं ओढलं, सतरंजी उचलली. नीलमनं केबल बघितली, नवऱ्याला बघितलं, आणि रडणं एकदम थांबलं.

"दौंडला जा. तात्यांना घिऊन. आत्ताच्या आत्ता."

दोघा भावांनी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, सतरंजीखालच्या केबलसकट सगळं सांगून हात जोडले. इंद्रजीत तारेचे वेढे मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "आधी आवाज कसा यायचा?"

"पोकळ. खर्जच न्हाई."

"एका स्पीकरचा लाल-काळा उलटा जोडला आसंल. दोन टोकं बदला. जुनी वायर चांगलीच होती."

एवढंच बोलला. चहाचं विचारलं नाही.

आनंदरावांनी जुनी वायर लावली, टोकं बदलली, आणि खरंच की हो, आवाज खोलीभर भरला. नीलम स्वयंपाकघरातून म्हणाली, "बंद करा ते." त्यांनी बंद केलं.

केबलला जोड मारून बोअर सुरू झाला, कांदा वाचला. भाऊबीजेला इंद्रजीत आलाही; ओवाळून घेतलं, जेवला. फक्त आनंदरावांना तो आता दाजी म्हणत नाही, 'साहेब' म्हणतो. त्याच्या तोंडून एकदा, अगदी रागानं का होईना, दाजी ऐकायला मिळावं म्हणून आनंदराव तळमळतात. चूक कबूल करायला ते आता कुठंही तयार आहेत.

तशी संधी गेल्याच आठवड्यात आली. वडगाव रासाईच्या एका शेतकऱ्याची नदीवरची केबल गेली, तर माणसं पोलिसांकडे न जाता थेट आनंदरावांच्या दारात. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायले, आणि त्यातला एक म्हातारा अगदी अदबीनं म्हणाला, "भाऊसाहेब, राग मानू नगा, पण जरा सतरंजी उचलता का?"