पोटात उजेड पडलेले गुलाबतात्या

लाइट गेली की आमच्या किकवीत लोक मेणबत्ती शोधतात. गुलाबतात्या शर्ट वर करतात. पोटावरच्या उभ्या व्रणावर थाप मारून म्हणतात, "थांबा, उजेड करतो!" ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस आम्ही हसलो. नंतर आम्ही इन्व्हर्टर घेतला.

तात्या माझे शेजारी. बायको वारलेली, मुलगा दूर सुरतेला, घरात तात्या आणि त्यांचा आवाज. पुण्यातल्या एका दवाखान्यात त्यांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा तिथं एका नव्या पद्धतीची चाचणी चालू होती. अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडायचा आणि ऑपरेशनच्या आधी ती शिरेतून सोडायची. ती गाठीच्या पेशींना जाऊन चिकटते. मग खास कॅमेऱ्यातून बघितलं की तेवढाच भाग उजळलेला दिसतो, आणि कुठवर कापायचं ते सर्जनला कळतं.

हे झालं डॉक्टरांचं म्हणणं. तात्यांचं असं : "अँटीबाडी म्हंजी पोलीसपाटील. चोर कुठं लपलाय त्याला बराबर ठावं. त्याच्या पाठीला ब्याटरी बांधायची अन् द्यायचा सोडून. बसतोय जाऊन चोराच्या मानगुटीवर! सायन्स हाय त्ये, टिंगल न्हाई."

पुढं बॅटरीचा हॅलोजन झाला. मग पोटात एवढा लख्ख उजेड पडला की म्हणे डॉक्टरांनी खोलीतले दिवे मालवले. सारोळ्याच्या एका लग्नात भर पंगतीत तात्यांनी हे साग्रसंगीत सांगितलं. शेजारच्या पाहुण्यांनी पानातली जिलबी तशीच ठेवली. ती तात्यांनी संपवली.

मग माझ्या आईला तशीच गाठ निघाली. डॉक्टरांनी तीच पद्धत सुचवली आणि आईनं अंथरूण धरलं.

"माझ्या आंगात हॅलोजन सोडत्यात. आतडी पेटली म्हंजी?"

रंग नको असेल तर साधं ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगून पाहिलं. पण आता तिला ऑपरेशनच नको होतं. मी तणतणत तात्यांच्या दारात गेलो. "तात्या, तुमच्या त्या उजेडापायी आई मरेल माझी."

तात्या तसेच उठून आले. आता व्याख्यान होणार म्हणून मी कपाळाला हात लावला. ते आईच्या समोर जमिनीवर बसले.

"वैनी, उजेड म्या बघितलाच न्हाई."

"आं?"

"बेशुद्ध हुतो की! अन् शुद्धीत असतो तरी दिसला नसता. त्यो डाक्टरला टीव्हीवर दिसतोय निस्ता. हॅलोजन म्या लावला."

"मग समद्या गावाला खोटं कशापायी सांगत हुता वो?"

तात्या टोपी काढून तिच्या घड्या घालत राहिले. "लई भ्यालो हुतो, ह्ये सांगू व्हय लोकांस्नी? गावाला सांगितलं पोराकडं चाललोय, पोराला सांगितलं रानात काम हाय. आत न्हेताना सिस्टर म्हणली, भाईर कोण हाय तुमचं? म्या म्हणलं, समदं गाव आलंय." त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "कोण बी न्हवतं, वैनी."

आई अंथरुणात उठून बसली. मग म्हणाली, "माज्यासंगं याल का?"

ऑपरेशनच्या दिवशी तात्या इस्त्रीचे कपडे घालून आमच्या आधी गाडीत बसले होते. दवाखान्यात त्यांच्या आजूबाजूला ऐकायला भरपूर माणसं होती, सगळी रिकामी बसलेली. तात्यांनी तोंड उघडलं नाही. असं मी आयुष्यात प्रथमच बघत होतो.

अखेर डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक बारीक ठिपका बाजूला चमकला होता, तोही काढला, म्हणाले. आता मात्र "सांगत हुतो की न्हाई!" येणार म्हणून मी तात्यांकडं पाहिलं.

ते डॉक्टरांच्या अगदी जवळ गेले होते आणि हळू आवाजात सांगत होते, "साहेब, डोळं उघडलं की पयलं त्यांस्नी सांगा, भाईर माणसं हायती."