बदली मामा

तुळशीराममामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि आडनाव विचारून जात काढण्याचा आपल्याकडचा सभ्य रिवाजही पाळला नाही. मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. हे अंतर माझ्या बाबतीत फार नाही. मग म्हणाले, "सर, तुमी नवव्या महिन्यात उष्टावले."

मी पोंभुर्ण्याजवळच्या या गावात हायस्कूलवर विज्ञान शिकवायला आलो होतो. खांद्यावर गुंडाळलेली गादी होती आणि भाड्याने घेतलेल्या खोलीचं कुलूप उघडत नव्हतं. अशा वेळी आपल्या तोंडात पहिला घास कधी गेला याचा विचार माणूस करत नाही.

"कशावरून?" मी विचारलं.

"उंचीवरून. टाइमावर उष्टावले असते तं आणखी चार बोटं वर गेले असते." आणि त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेऊन कुलूप उघडून दिलं.

मी विज्ञानाचा माणूस. संध्याकाळी वर्ध्याला आईला फोन लावला. आई म्हणाली, "तू? तू पाचव्या महिन्यातच आजोबांच्या ताटातला वरणभात ओढलास. उष्टावण करायचीच राहिली तुझी." दुसऱ्या दिवशी मी हा पुरावा मामांपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि निकाल दिला, "आईले याद नाई राहत."

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा ऐकलं. मामांच्या सिद्धांताविरुद्ध गेलेल्या प्रत्येक आईला याद राहत नसे. पोस्टातला वामन ताडासारखा उंच. त्याची आई शपथेवर सांगे की तो वर्षाचा होईपर्यंत दुधावरच होता. त्यावर मामा म्हणत, "त्यानं चोरून खाल्लं असन." मी गेली पंधरा वर्षं मुलांना सांगतो आहे की जो सिद्धांत कशानेच खोटा ठरत नाही तो विज्ञानात बसत नाही. मामांचा सिद्धांत मात्र आमच्या ओसरीवर खुशाल बसत असे, आणि माझा चहा पीत असे.

मामा माजरीच्या कोळशाच्या खाणीतून निवृत्त होऊन गावी आलेले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खाणीत त्यांचं काम पाळी बदलली की भोंगा वाजवायचं. आयुष्यभर भोंगा वाजवलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट वेळेवर किंवा उशिरा अशीच दिसते. पोर सहा महिन्यांचं झालं की मामा त्या घराच्या दारात उभे राहून म्हणत, "भोंगा झाला!" त्याआधी कोणी काही भरवलं तरी त्यांना चालत नसे. एका सुनेने तिसऱ्या महिन्यात लेकराला चहात बुडवलेलं बिस्किट चाटवलं, तेव्हा मामा तिच्या सासूवर उखडले. "भोंग्याच्या अगोदर गेट उघडत असते काय वो बाई? पोट्टीच्या पोटात अजून मानसं कामावर आले नाई, अन् तुमी माल पाठवून राह्यले!"

आता आमच्याकडच्या रिवाजाविषयी थोडं. पहिला घास भरवण्याचा मान बाळाच्या मामाचा. आणि इथले मामा लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, कोणी हैदराबादेत इमारतींवर असतात. पोराचे सहा महिने संक्रांतीला भरतात, मामा होळीला परततो. तोवर घरात खीर शिजते ती मोठ्यांसाठी, आणि पोर मामाची वाट बघत दुधावर राहतं. कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. मामाचा मान मोडणं मात्र सगळ्यांना गैर वाटतं.

तुळशीराममामांनी यावर खाणीतला तोडगा काढला होता. तिथे पक्का कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी बदली कामगार घेत. "तुहा भाऊ मिरचीवर हाय ना? मग मी बदली मामा हाओ," असं म्हणून ते हक्काने आत जात, पाय धूत, आणि पाटावर बसून खीर भरवत. स्वतःची वाटी आणि चमचा बरोबर असे. पोर पहिला घास जिभेने बाहेर ढकलून त्यांच्या सदऱ्यावर टाकायचं. ते पाहून मामा खूश होत. "पयला घास थुकतेच. गिळाचं कसं ते त्याले अजून मालूम नाई. न थुकणारं लेकरू म्या पाह्यलं नाई." त्यांच्या सगळ्या सदऱ्यांवर छातीपाशी पिवळट डाग होते. ते डाग त्यांनी धुण्याचा आग्रह कधी धरला नाही.

गावातली निम्मी पोरं त्यांना मामा म्हणायची ती अशी. उरलेली, निम्म्यांचं ऐकून.

या माणसाला गावात एकच जण रागवू शकत असे, आणि ती म्हणजे अंगणवाडीच्या सुनंदाबाई. त्या मामांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. फळ्याच्या वरच्या भागात लिहायचं तर त्या लाकडी स्टुलावर चढत, आणि स्टुलावरूनच पोरांना आणि पोरांच्या आयांना दम देत. त्या मामांना म्हणत, "मामा, उंची एकट्या खिरीनं वाढत नाई. लेकराले हगवण किती दा लागली, पानी कसं होतं, माय पोटुशी असताना काय खाल्लं, मायबाप केवढे, सारं लागते." मामा म्हणत, "ते सारं हाय. पण टाइम?" आणि सुनंदाबाई कपाळाला हात लावत. कारण टाइमाच्या मुद्द्यावर मामांचं म्हणणं मुळात खरं होतं, आणि तेच त्या स्टुलावरून रोज सांगत होत्या.

एक गोष्ट मला पहिल्यापासून विचित्र वाटायची. मामा सहा फुटांच्या वर, काठीसारखे सरळ. बाजारात, चावडीवर, माझ्या ओसरीपुढे ते तासन्‌तास उभे राहून बोलत. पण सुनंदाबाई आल्या की खाली बसत. खुर्ची असो, दगड असो, नाहीतर जमीन. मी समजलो, गुडघे.

एकदा अंगणवाडीत पोषणाचा कार्यक्रम होता. तालुक्याहून साहेब आले. मागे बॅनर, पुढे समई, बाजूला पुष्पगुच्छ, आणि पहिल्या रांगेत पाच आया सहा महिन्यांची पोरं घेऊन. साहेबांच्या हस्ते पोरांना पहिला घास भरवला जाणार होता. वेळेवर वरचा आहार सुरू करण्याचं महत्त्व या विषयावर साहेब बोलायला उभे राहिले ते बसायला तयार होईनात. खीर गार झाली, तिच्यावर साय धरली, पाचही पोरांनी सूर लावला. कोपऱ्यात सुनंदाबाईंच्या स्टुलाजवळ मामा जमिनीवर बसले होते. तिथूनच त्यांनी गर्जना केली, "भोंगा झाला!"

साहेब थबकले. मामा बसल्या बसल्याच सरकत रांगेपर्यंत गेले आणि पहिल्या पोराच्या तोंडात चमचा घातलासुद्धा. फोटोवाल्याने घाईत तो क्षण टिपला. फोटोत मामांची पाठ आली आणि साहेबांचा उघडा राहिलेला जबडा.

"मामा, तुमी माही नोकरी घालवसान एक दिवस," सुनंदाबाई म्हणाल्या. पण साहेबांना गाडीपर्यंत पोचवून परत येताना त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

यंदा सुनंदाबाईंची मुलगी रेश्मा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. पोळ्याच्या सुमारास तिचे सहा महिने भरले. बाळाचा मामा म्हणजे सुनंदाबाईंचा विक्की, हैदराबादेत पोकलेन चालवतो. मी त्यांच्याकडे दळण निवडायच्या सुपाशेजारी बसून चहा पीत होतो, मामा उंबऱ्याशी बसले होते, आणि रेश्माने विक्कीला फोन लावून स्पीकर चालू केला.

"मी दिवाळीले येतो ना ताई," विक्की म्हणाला. "तोपर्यंत थांबा. पयली भाची हाय माही. डीजे लावू, मंडप टाकू, पुरं गाव जेवू घालू."

"डीजे तुह्या लग्नात लाव," सुनंदाबाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत काय हवा खाईन का ते पोट्टी? उष्टावण येत्या सोमवारी हाय. आपल्या घरी बदली मामा हाय."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली, "मले जमनार नाई," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. गावातल्या परक्या घरांत पाय धुऊन शिरणारा माणूस रक्ताच्या भाचीच्या घरातून असा गेला.

सोमवारी खीर तयार झाली, रेश्माने बाळाला काजळ घातलं, आणि मामांच्या दाराला कुलूप. सुनंदाबाई मला म्हणाल्या, "सर, ते बोडीवर असतीन. घेऊन या. त्यांच्याबिगर मी भरवत नाई, अन् आज भरवल्याबिगर मी राहत नाई. आता त्यांचं तेच पाहोत."

बोडी म्हणजे गावाबाहेरचं लहान तळं. मामा तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसले होते. पाण्यात एक जण जाळं सोडून उभा होता. त्याची उष्टावण कधी झाली हे मामांनी त्याला सांगितलेलं दिसत नव्हतं.

"सर, तुमी जा," ते म्हणाले. "त्या घरात माहा हात चांगला नाई."

मी शेजारी बसलो. मग त्यांनी सांगितलं. सुनंदा झाली तेव्हा ते खाणीत नवे, स्वतःच बदली कामगार. पक्के झाले की थाटात उष्टावण करायची, अशी हौस. बहिणीला निरोप धाडला, थांबा, मी परमनंट होतो, चांदीची वाटी आनतो, बाजा लावतो. बहीण भोळी, भावाचा मान राखणारी. थांबली. हुकूम आला तेव्हा पोरीला अकरावा लागला होता.

"बाजा आनला सर. लाउडस्पीकर बी होता. सारं गाव म्हने, मामा असावा तं असा. अन् ते पोट्टी तेवढीच राह्यली. तुमी पाहता ना, ते फळ्याले पुरत नाई." ते पाण्याकडे पाहत होते. "तिच्याजवळ उभं राहाले लाज वाटते मले."

माझ्या डोळ्यांपुढून ती सगळी बसलेली रूपं गेली. दगडावर, जमिनीवर, उंबऱ्याशी. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

"सुनंदाबाई काय म्हणतात?"

"ते म्हनते, मायनं मले सहाव्या महिन्यापासूनच पेज चाटवली. चुलीमागे बसून, कोनाले न सांगता. तुमची हौस मोडू नये म्हनून लपवलं. मेल्याच्या आधी मायनं सांगतलं म्हनते." मामा हसल्यासारखे झाले. "माहं मन राखाले बोलते, सर. अन् बहिनीनं सांगतलं बी असन, तरी आईले याद नाई राहत."

सुनंदाबाईंची आईही बुटकीच होती असं गावात ऐकलं होतं, तेही मी बोलून पाहिलं. त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा मी माझ्या धंद्याचं हत्यार काढलं.

"मामा, प्रत्येक पोर पहिला घास थुंकतं ना?"

"थुकतेच."

"न थुंकणारं तुम्ही पाहिलेलं नाही."

"नाई."

"मग लाउडस्पीकर लावून तुम्ही सुनंदाबाईंना भरवलंत, तेव्हा त्यांनी थुंकलं होतं का?"

पाण्यातल्या माणसाने जाळं ओढून रिकामं पाहिलं आणि पुन्हा फेकलं.

"नाई," ते हळूच म्हणाले. "वाटी ओढली होती तिनं माह्या हातातून. सारी चाटून काढली." मग म्हणाले, "भूक लागली असन."

"असेल."

ती पेज खरी की खोटी, मला माहीत नाही. दाखला देणारी बाई आता नाही, आणि अकराव्या महिन्यात पोरं कशी गिळतात याचा अभ्यास मी केलेला नाही. एका आठवणीवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच वर्गात सांगतो. पण मामा पाळीवरून उठले, धोतर झटकलं, आणि माझ्या पुढे चालू लागले. वाटेत एकदाच थांबून म्हणाले, "चुलीमागे बसून, म्हनते ते."

दारात सुनंदाबाई उभ्या होत्या. "आले का बाप्पा! खिरीचा दगड झाला. मामा, भोंगा कवाचा झाला, कानात काय कोळसा भरला?"

मामांनी पाय धुतले, पाटावर बसले, खिशातून आपली वाटी काढली. पोरीने पहिला घास घेतला, चेहरा आंबट केला आणि सगळा त्यांच्या सदऱ्यावर टाकला. "बराबर," मामा म्हणाले. "टाइमावर हाय."

मग फोटो. विक्कीला पाठवायचा होता, तेव्हा सगळ्यांनी उभं राहायचं ठरलं. रेश्मा बाळाला घेऊन उभी राहिली, सुनंदाबाई उभ्या राहिल्या. मामा पाटावरच बसून होते.

"उभे राहा."

"मी इथीच बरा हाओ."

सुनंदाबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. मामा उठत गेले, उठतच गेले, आणि सुनंदाबाई त्यांच्या कोपराशी राहिल्या. मामांना हात कुठे ठेवावे कळेना. त्यांनी वाटी छातीशी धरली. सुनंदाबाईंनी त्यांचा दंड सोडला नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "माह्या मामाचं डोस्कं कापू नका बरं फोटोत. एवढा उंच मामा पुऱ्या गावात कोनाचा नाई."

मामांचं डोकं मावावं म्हणून मी मागे सरत सरत कुंपणाला टेकलो. फोटोत सगळेच लहान आले आहेत. पण मामा उभे आहेत.