पेटेवाले हणमंतअण्णा

हणमंतअण्णा समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. त्यांची नजर तुमच्या कपाळाच्या चार बोटं वर लागलेली असे. पहिल्यांदा भेटलेला माणूस हळूच डोक्यावरून हात फिरवून बघे, काही पडलंबिडलं आहे का म्हणून. मीही बघितलं होतं.

साताऱ्याहून बंगळूरला सरकारी कारखान्यात नोकरीला लागलो आणि खोली शोधत चिकपेटच्या मागच्या गल्लीत अण्णांच्या दारात उभा राहिलो, तेव्हाची गोष्ट. अण्णांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साडेबावीस. डावीकडे स्वल्प चढ आहे."

"कसला चढ?"

"डोक्याला. असू दे की, देवानं केलेलं काम आहे, आपण काय बोलणार. वरची खोली बघून घ्या."

अण्णा पेटे बनवत. पेटा म्हणजे म्हैसूरकडची जरीच्या काठाची रेशमी पगडी. त्यांच्या आजोबांपासून हा धंदा बंगळुरात चाललेला. पूर्वी पेटा माणसाच्या डोक्यावर जागेवरच बांधत. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून नवरदेव मान धरून बसे आणि पेटा बांधून होईपर्यंत अर्धा रडकुंडीला येई. अण्णांनी तयार पेट्याची युक्ती काढली. लाकडी ठोकळ्यावर कापड गुंडाळायचं, खळ द्यायची, आतून पुठ्ठ्याची पट्टी शिवायची, की झाली टोपीसारखी चीज. उचलायची, घालायची. युक्ती झकास होती. फक्त ती निघाली आणि लोकांनी डोक्यावर काही घालायचंच सोडून दिलं.

स्वातंत्र्यानंतर कारकून बोडके झाले, मग मास्तर झाले, मग वकीलसुद्धा. माणसं केसांना तेल लावून, भांग पाडून, बुशशर्ट घालून राजरोस फिरू लागली. याला अण्णांच्या मते कारण एकच होतं: जाहिरात. "तेलवाले जाहिरात करतात, आम्ही करत नाही," ते म्हणत. "तेलाच्या बाटलीवर बाईचं चित्र आहे, म्हणून खपते. पेट्यावर कुठं बाईचं चित्र छापणार?"

तेव्हा अण्णांनी जाहिरात करायचं मनावर घेतलं.

आधी त्यांनी पेट्यांना नावं दिली. 'शिरोभूषण पेटा वर्क्स'च्या फळीवर एके दिवशी चिठ्ठ्या लागल्या. 'ऑफिस पेटा' म्हणजे बिनजरीचा, फायलीच्या रंगाचा. 'सासरा स्पेशल' म्हणजे भरपूर जरीचा, वजनदार, मान हलू न देणारा. 'इलेक्शन पेटा' सगळ्यांत हलका, कारण उमेदवाराला दारोदारी वाकून तो काढावा लागतो. निवडून आल्यावर वाकावं लागत नाही, तेव्हा त्याच माणसाला 'सासरा स्पेशल' विकायचा, असा पुढचा बेत होता. एका उमेदवाराने घेतला खरा, पण अनामत गेली. अण्णा म्हणाले, "पेटा बरोबर होता. डोकं चुकीचं होतं."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पेटा घट्ट झाला, सैल झाला, तिरका बसला, चूक कायम डोक्याची.

नंतर अण्णांनी सिनेमा थिएटरात स्लाइड लावली. काचेवर पेटा घातलेला एक मिशाळ गृहस्थ आणि खाली, 'बोडक्या डोक्याने लग्न म्हणजे बिनकळसाचे देऊळ!' आम्ही सगळे मुद्दाम बघायला गेलो. मध्यंतराच्या जरा आधी पडद्यावर नायकाची आई मेली. बायका पदराला डोळे पुसत असताना दिवे लागले आणि अण्णांचा मिशाळ गृहस्थ पडद्यावर अवतरला. तोही उलटा. पेटा खाली, पाय नाहीत आणि मिशा आभाळाकडे. सगळं थिएटर खदखदून हसलं. माझी बायको सुमती तर पदर तोंडात कोंबून बसली होती. मला वाटलं, अण्णा खचले असणार. ते शेजारी ताठ बसून होते. "हसले ना?" ते म्हणाले. "म्हणजे बघितलं. सरी, ठीक आहे! काम झालं."

त्याहून मोठा पराक्रम आमच्या कारखान्यात घडला. नवं यंत्र सुरू करायला एक परदेशी तज्ज्ञ येणार होता. त्याला पेटा घालायचा असं वरिष्ठांनी ठरवलं आणि ते काम मी अण्णांना मिळवून दिलं. साहेब अजून आपल्या देशातच होता, मग माप कुठून घेणार? अण्णांनी वर्तमानपत्रातला त्याचा फोटो मागवला, त्यावर टेप धरली, कसलासा हिशेब केला आणि पेटा तयार केला. समारंभात आमच्या मॅनेजरांनी तो साहेबाच्या डोक्यावर ठेवला आणि तो थेट नाकापर्यंत खाली उतरला.

साहेब सभ्य होता. त्याला वाटलं, इकडे असाच घालायची पद्धत असेल. त्याने पेटा तसूभरही हलवला नाही. तसाच उभा राहून भाषण केलं, तसाच हात पुढे करून चाचपडत फीत कापायला निघाला. कात्री मॅनेजरांच्या टायपर्यंत पोचली तेव्हा कुणीतरी धावत गेलं.

मी घरी येऊन सांगितलं, तर अण्णा विचारात पडले. म्हणाले, "फोटोत हॅट होती की हो. हॅटीच्या आत एवढंसं डोकं असेल असं कुणाला वाटेल? फसवणूक आहे ही."

अशा या माणसाला एकुलता एक मुलगा, वसंत. वसंत पाळण्यात असतानाच आई तापाने गेली. अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वयंपाक स्वतः करत आणि तो करतानाही डोक्यावर पेटा असे. बाकी बायकोविषयी ते कधीच काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पण पेट्याच्या धंद्यात पाळण्यातलं मूलसुद्धा मोकळं सुटत नाही. वसंत बसायला लागला तसा अण्णांनी त्याच्या मापाचा छोटा पेटा केला आणि त्याला दुकानाच्या फळीवर मांडून ठेवलं. गिऱ्हाइकं थांबायची, गाल ओढायची. पुढे शाळेतही तो पेटा घालूनच जाई. पोरं त्याला "महाराज, स्वारी कुठं?" म्हणून छळत. दसऱ्याला, गणपतीला, कुणाच्याही लग्नात वसंत पेटा घालून पुढच्या रांगेत. आमच्याच कारखान्यात तो ड्राफ्ट्समन झाला तेव्हा घरातून पेटा घालून निघे आणि कारखान्याच्या बसमध्ये चढला की काढून डब्याच्या पिशवीत ठेवे. येताना गल्लीच्या तोंडाशी पुन्हा घाले. हे सगळ्या बसला माहीत होतं. अण्णांना नव्हतं.

मग वसंताचं लग्न ठरलं. मुलगी मल्लेश्वरमची, शाळेत शिकवणारी, नाव कमल. अण्णांना सून पसंत होतीच, पण त्याहून आनंद वेगळा होता. नवरदेव म्हणजे चालतीबोलती जाहिरात, आणि ती घरचीच! त्यांनी पत्रिका छापल्या. वर गणपती, मध्ये मुहूर्त आणि खाली ठळक अक्षरांत, 'वराचा पेटा शिरोभूषण पेटा वर्क्स, चिकपेट यांजकडून. लग्नसराईच्या ऑर्डरी मांडवातच स्वीकारल्या जातील.' म्हैसूरच्या, हुबळीच्या कापडवाल्यांना आग्रहाची बोलावणी गेली. हुबळीचा एक व्यापारी तर म्हणाला होता, पेटा डोळ्यांनी बघतो आणि आमच्या भागातल्या सगळ्या दुकानांसाठी माल उचलतो. मोडकळीला आलेलं दुकान या एका लग्नावर उभं राहणार होतं. अण्णा रोज वसंताच्या पेट्याचं काम घेऊन बसत. निरी घालत, मनासारखी पडली नाही की पुन्हा सोडत.

एका सकाळी बसमध्ये वसंत माझ्या शेजारी येऊन बसला. "काका, एक काम कराल? अण्णांना सांगाल, मी पेटा घालणार नाही म्हणून?"

"कमलची अट आहे का?"

"नाही हो. ती म्हणते, घाला, छान दिसेल." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मलाच नको आहे. एक दिवस तरी लोकांनी मला बघावं, काका. पेटा नको."

मी हे काम अंगावर घ्यायला नको होतं, पण घेतलं. संध्याकाळी दुकानात जाऊन इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, उन्हाळा फार आहे म्हणालो, हल्ली शहरात साधी लग्नं होतात म्हणालो. अण्णा ठोकळ्यावरून मान वर न करता म्हणाले, "कोण घालणार नाही म्हणतो?"

तेवढ्यात वसंत स्वतःच दारात येऊन उभा राहिला. बोडका.

"मी, अण्णा."

अण्णांनी त्याच्या डोक्याकडे बघितलं. "पत्रिका गेल्या," ते म्हणाले. "हुबळीचे लोक येणार. एवढं एकदा घाल. मग नको घालू."

"एवढं एकदा, एवढं एकदा करत इतका मोठा झालो मी," वसंत म्हणाला. "अण्णा, मी तुमच्या दुकानातला ठोकळा नाही."

अण्णांच्या हातातली निरी तेवढी सुटली. त्यांनी ती पुन्हा घातली नाही.

लग्नापर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. जेवण वाढलं जाई, खाल्लं जाई. सुमती म्हणाली, "हा म्हातारा मांडवात तमाशा करणार, बघा." मलाही तीच भीती. अण्णा लग्नाच्या दिवशी सकाळी आमच्याबरोबर निघाले नाहीत. "तुम्ही व्हा पुढं," दाराआडून म्हणाले.

मंगल कार्यालयात कापडवाले पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसले होते. वसंत बोहल्याजवळ उभा होता, बोडका आणि घामेजलेला, सारखा दाराकडे बघत. मुहूर्त जवळ आला तरी वरपित्याचा पत्ता नाही. कमलचे वडील कासावीस होऊन येरझारा घालत होते. खांबाजवळ एक पिकल्या केसांचा किडकिडीत म्हातारा उभा होता, त्याच्या हातात त्यांनी अक्षतांचं ताट दिलं. "जरा वाटा हो सगळ्यांना. मुलाचे वडीलच आलेले नाहीत अजून."

म्हातारा निमूट अक्षता वाटू लागला. वाटत वाटत आमच्यापाशी आला. सुमतीने अक्षता घेतल्या आणि विचारलं, "अहो, तुम्ही हणमंतअण्णांना कुठं पाहिलंत का?"

"मीच की हो, अक्का," म्हातारा म्हणाला.

आम्ही बघतच राहिलो. पेट्याशिवाय ते जवळजवळ वीतभर लहान झाले होते. कपाळावर पेट्याच्या काठाचा वळ होता, त्याच्या वरची कातडी खालच्यापेक्षा पांढरीफटक होती.

तेवढ्यात हुबळीच्या व्यापाऱ्यानेही त्यांना ओळखलं आणि मोठ्याने हाक मारली. "काय हो हणमंतराव, हे काय? पेटा दाखवतो म्हणून बोलावलंत आणि मुलगा बोडका, बापही बोडका?"

सगळ्या माना वळल्या. बोहल्यावर वसंताचा चेहरा उतरला.

"आता लग्नात पेटा घालत नाहीत," अण्णा शांतपणे म्हणाले. "गेली ती पद्धत. मुलगा काय चुकीचं करत नाही. आमच्यात असंच ठरलंय, दोघांचं."

"मग आम्ही विकायचं काय?" व्यापारी हसत म्हणाला. त्याच्या शेजारचेही हसले.

"ते आता तुम्ही बघा. अक्षता घ्या, मुहूर्त होतोय."

मंगलाष्टकं झाली. अक्षता उडाल्या. कापडवाले जेवून पान खाऊन गेले. ऑर्डर कुणीच दिली नाही.

दुपारी मी हात धुवायला मागच्या बाजूला गेलो, तर अण्णा पायरीवर एकटेच बसले होते. मी शेजारी बसलो. म्हणालो, "अण्णा, मोठं मन केलंत."

त्यांनी ते ऐकलंसं वाटलं नाही. "साहेब, तुम्ही वसंताचे केस बघितले?"

"रोज बघतो की. बसमध्ये."

"मागचे. मानेवरचे. तिथं वळून वर जातात बघा, कितीही विंचरा. तिचे तसेच होते. वेणी घातली तरी तेवढे सुटायचे. मी चेष्टा करायचो." त्यांनी कपाळावरचा वळ चोळला. "आज अंतरपाटाच्या बाजूनं उभा होतो ना, तेव्हा दिसले. मी आजवर बघितलेच नव्हते की हो. झाकूनच ठेवले."

आतून भांड्यांचे आवाज येत होते.

"तिचा फोटो नाही आमच्याकडे," अण्णा म्हणाले. "काढू काढू म्हणत राहिला."

इतक्यात फोटोग्राफर वरपित्याला शोधत आला. सगळ्यांना उभं करून त्याने फोटो घेतला आणि कॅमेरा मिटायला लागला, तसे अण्णा पुढे झाले.

"अजून एक घ्या. एकट्या वसंताचा. मागून."

"मागून?" फोटोग्राफर हसला. "नवरदेवाचा मागून फोटो कोण काढतं, अण्णा? तोंड नको?"

"तोंड आहे की घरी. मागून घ्या."

वसंताने बापाकडे बघितलं. त्याला काही कळलं नसावं. पण तो गुमान पाठ करून उभा राहिला. अण्णांनी जवळ जाऊन मानेवरच्या केसांत अडकलेला तांदळाचा एक दाणा काढला आणि बाजूला झाले.

"स्वल्प मान खाली कर, बाळा," ते म्हणाले, आणि वसंताने मान खाली केली.