विमानात खोबरं भाजलं

हंबीरराव चेअरमननी साखर कारखान्याच्या भर सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "श्रावणातल्या सभेला डिस्टिलरीचा परवाना घिऊन येतो, न्हाईतर ही खुर्ची सोडतो!"

खुर्चीचं नाव काढायची काही गरज नव्हती. पण समोर विरोधी पॅनेलचा सयाजी बसला होता, आणि सयाजी दिसला की चेअरमनच्या तोंडाला ब्रेक राहत नसे. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात सयाजीनं वाजवल्या.

त्यानंतर चेअरमननी मंत्रालयाच्या खेपा सुरू केल्या. मंत्रीसाहेब मीटिंगमध्ये तरी असायचे, नाहीतर नुकतेच निघून गेलेले तरी असायचे. श्रावण उजाडला. सभा तोंडावर आली. चेअरमनला स्वप्नात सयाजी खुर्चीवर बसून पाय हलवताना दिसायला लागला. आणि अशात खबर लागली की साहेब पुण्याहून विमानानं दिल्लीला निघालेत. मंत्रिमंडळात फेरबदल होणार होता, वरून बोलावणं आलं होतं. चेअरमननी साहेबांच्या पीएला आंब्याच्या पेट्यांची आठवण करून दिली आणि शेजारची सीट मिळवली.

"मंत्रालयात मागल्या दारानं पळतोय," ते बायकोला, अंबूबाईंना म्हणाले. "विमानाला बी मागलं दार हाय. उतर म्हणावं वर गेल्यावर!"

या खेपेला सोबत हत्यारही होतं. संगणकीकरणाच्या नावाखाली कारखान्यानं एक लॅपटॉप घेतला होता. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. अख्ख्या तालुक्यात तसला दुसरा नव्हता. साखरेच्या पोत्याइतकी किंमत, नुसती एका पोत्याची नव्हे, गोदामाची. डिस्टिलरीचा सगळा आराखडा रंगीत चित्रांसकट त्यात भरला होता. चेअरमनला त्यातल्या दोनच गोष्टी जमायच्या, झाकण उघडणं आणि बटण दाबणं. बाकी चित्रं आपोआप सरकायची. सांगलीच्या दुकानदारानं बजावून सांगितलं होतं की खालची जाळी कायम मोकळी ठेवा, बॅटरी तापते.

"ट्रॅक्टर बी तापतोय," चेअरमन म्हणाले. "म्हणून कुणी त्येला वारा घालतंय का?"

दुकानदारानं बरोबर म्हणून मान डोलावली. चेक अजून वटायचा होता.

आता नवीन वस्तू घरात आली की म्हसवडला सिद्धनाथाला दाखवायची, ही हंबीररावांच्या घराची रीत. जीप दाखवली, ट्रॅक्टर दाखवला, एकदा तर खत पेरायचं यंत्र दाखवून आणलं. गुलाल-खोबरं उधळायचं आणि प्रसादाचा तुकडा वस्तूच्या पोटात ठेवायचा. जीपचा डिकीत, ट्रॅक्टरचा पान्ह्यांच्या डब्यात. लॅपटॉपला डिकी नव्हती. चेअरमननी तो पालथा केला, चाचपला, तर खाली एक कप्पा निघाला. आत बॅटरी. बाजूला जराशी फट. त्यांनी खोबऱ्याचा चांगला जाड तुकडा गुलालासकट फटीत बसवला. मग झाकण बसेना. तेव्हा पोतं दाबून शिवतात तसा वरून गुडघा दिला. बसलं.

अंबूबाई बघत होत्या. "आवं, त्यात काय बाय मोडलं तर?"

"अगं, देवाचा प्रसाद हाय. मोडंल कशानं?"

मोडण्यात देवाचा काही हात नव्हता. गुडघा चेअरमनचा होता.

विमान सुटलं. साहेब खिडकीशी, चेअरमन शेजारी. साहेबांनी डोळे मिटून घेतले, पण चेअरमन तसल्यानं हटणारे नव्हते. सत्काराला आणलेली लोकरीची शाल त्यांनी मांडीवर पसरली, तिच्यावर लॅपटॉप मांडला आणि बटण दाबलं. साहेबांना द्यायला आणलेली सिद्धनाथाच्या गुलालाची अर्धा किलोची पुडी शेजारी टेकवून ठेवली.

चित्रं सरकायला लागली. साहेबांनी एक डोळा उघडून मिटला. चेअरमन ठेकेदारापासून मळीपर्यंत सगळं सांगत सुटले. मांडी ऊबदार झाली. मग गरम झाली. त्यांना वाटलं, मोठ्या माणसाशेजारी बसल्यावर होत असंल.

तेवढ्यात साहेबांनी दोन्ही डोळे उघडले. नाक वर केलं.

"काय हो चेअरमन, मटणाचा बेत दिसतोय आज."

खरंच, विमानभर खोबरं भाजल्याचा झणझणीत वास सुटला होता. मागच्या रांगेतला कोल्हापूरकडचा एक गृहस्थ तर उठून बसला आणि पांढरा रस्सा मिळणार की तांबडा, असं हवाई सुंदरीला विचारून मोकळा झाला. साहेब पहिल्यांदाच खुलले. श्रावण आहे, पण विमानात कोण बघतंय, म्हणाले. आणि त्या खुशीत पुढं म्हणाले, "बोला, परवान्याचं काय म्हणत होता?"

चेअरमनच्या आयुष्यात आलेलं ते सगळ्यात मोठं वाक्य. नेमक्या त्याच वेळी मांडीला चटका बसला.

ओरडावं तर साहेबांचा मूड जाणार. चेअरमननी दात आवळले आणि तसंच बोलत राहिले. "साहेब, रोज तीस हजार लिटर... आय्य्य... क्षमता हाय."

"तुम्हाला बरं नाही का?"

"तळमळ हाय साहेब. शेतकऱ्यांची."

तळमळ धुरासकट बाहेर पडली. धूर आधी काळा, मग आतल्या गुलालानं लालसर. कुणीतरी आग आग म्हणून ओरडलं. चेअरमन उठून उभे राहिले आणि लॅपटॉप साहेबांच्या मांडीवर जाऊन पडला. पुडी त्याच्यावर. हवाई सुंदरी आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आली आणि तिनं नेम धरून फवारा मारला. नेम अचूक होता. बॅटरी विझली. पण पुडी फुटली, आणि अर्धा किलो गुलाल पुढच्या चार रांगांवर उधळला गेला.

दिल्लीला साहेब उतरले ते नखशिखांत गुलालात. बाहेर कार्यकर्ते हार घेऊन थांबले होते. गुलाल बघितल्यावर त्यांना वेगळं काय वाटणार? साहेबांना बढती मिळाली म्हणून त्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. फोटो निघाले. साहेबांच्या मागं, तसेच लालभडक, फेंगडे चालणारे चेअरमन. त्यांना पोलिसांनी बाजूला घेतलं आणि बॅटरीत खोबरं का, हा एकच प्रश्न संध्याकाळपर्यंत हिंदीतून विचारला.

आदेश यायच्या आधीच हा गडी मिरवतोय कसा, म्हणून वरची मंडळी भडकली. परवाना राहिला बाजूला, साहेबच राहतात की नाही अशी वेळ आली.

चेअरमन रेल्वेनं परतले. खुर्ची सोडायचं भाषण वाटेत पाठ केलं. पण पेपरातला फोटो त्यांच्या आधी गावात पोचला होता. मंत्री गुलालात, चेअरमन गुलालात, म्हणजे परवाना झालाच! वेशीवर हलगी कडाडत होती. चेअरमन तोंड उघडायच्या आत त्यांना ट्रॅक्टरवर चढवून थेट सभेला नेलं. सयाजीला झक मारून हार घालावा लागला. परवाना बघू की, असं तो म्हणाला खरा, पण हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही. आणखी पाच वर्षं हंबीररावच चेअरमन, म्हणून सगळ्यांनी हात वर केले. चेअरमननी पाठ केलेलं भाषण गिळलं आणि हात जोडले. साहेबांचं मंत्रिपद गेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी आली. तोवर हात खाली आले होते.

घरी अंबूबाई ओवाळायला दारात उभ्या. ताम्हण खाली-वर झालं आणि मधेच थांबलं. त्यांनी चेअरमनच्या कोटाजवळ नाक नेलं.

"ऐन श्रावणात मटण खाल्लं व्हय तुमी?"

"अगं न्हाई. खोबरं भाजलं. लॅपटॉपमधी."

अंबूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. अख्ख्या तालुक्याला पचलेलं खोटं चेअरमननी तोंडातून काढलंही नव्हतं, आणि आठवडाभरात बोललेलं हे एकुलतं एक खरं होतं.

"आंघुळ करून या," त्या म्हणाल्या आणि ताम्हण घेऊन आत गेल्या. "आन् पुढच्या बारीला थाप मारायची तर जरा पटंल अशी मारा."