खोटी भरती

आमचे घरमालक हसूरामबाबा रोज दिवसातून एकदा गल्लीच्या मधोमध उभे राहायचे, दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि ओरडायचे, "पानी भरलं गो, वर चला गो." समोर एसटीडी बूथ, शेजारी बियर शॉपी, मागे व्हिडिओ लायब्ररी. पाणी म्हणाल तर आमच्या नळालाही धड येत नव्हतं. रिक्षावाले त्यांना वळसा घालून जात, कॅसेट बदलायला आलेली पोरं दात काढत. बाबांना त्याचं काही नाही. हाळी दिली की धोतराचा सोगा सावरत घरात.

आम्ही साताऱ्याकडचे. नव्वदीच्या सुरुवातीला ह्यांची बदली झाली आणि जुईनगरजवळच्या एका जुन्या गावात भाड्याने राहायला आलो. गल्लीचं नाव बंदरगल्ली. बंदर कुठेच दिसेना. विचारलं तर लोक सांगायचे, पूर्वी इथून मिठाचे मचवे मुंबईला जात. देवळापासून खाडीपर्यंत दगडी फरसबंदी होती, दोन्ही अंगांना कौलारू घरं, आणि गल्लीचं खालचं टोक थेट चिखलात उतरायचं. ओहोटीला बायका त्या चिखलात शिंपल्या वेचायला जात. पाठ वाकलेली, नजर खाली, त्यामुळे मागून पाणी चढतंय हे त्यांना कळायचं नाही. म्हणून एकाने काठावर उभं राहून हाळी द्यायची. तो मान पिढ्यान्‌पिढ्या हसूरामबाबांच्या घराचा. नारळी पौर्णिमेला खाडीत पहिला नारळही त्यांचाच.

मग डंपर आले. चिखलावर मुरूम पडला, त्यावर प्लॉट, त्यावर सोसायट्या. फरसबंदीवर डांबर ओतलं. खाडी लांब, बांधाच्या पलीकडे गेली. बाबांच्या घराची दुमजली इमारत झाली, तिला मोझॅकच्या पायऱ्या आल्या. बाबा मात्र तेच राहिले.

जागा दाखवताना त्यांनी एकच अट घातली. "बाय, खालच्या पायरीव चपला ठेवू नको. उधानाला व्हावून जातील." मला वाटलं, गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी आमच्या चपला आमच्या दारात वर आणून ठेवलेल्या. तेव्हापासून आमचे पाहुणे वरच्या अरुंद पायरीवर चपलांना अडखळून पडू लागले, पण खालची पायरी रिकामी राहिली.

एकदा एक बिल्डर गाडी घेऊन आला. बाबांनी त्याला दारातूनच परतवून लावलं. "आता ओहोटी हाय. ओहोटीला बोलनी केली का काम खाली जातं." तो बिचारा भरतीची वेळ विचारून गेला आणि अगदी वेळेवर हजर झाला, तर बाबा हाळी द्यायला गेलेले. पुन्हा काही तो आला नाही. रात्रीच्या भरतीला मात्र बाबा ओरडत नसत. का, म्हणून ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "रातची बाया चिखलात नसतान." जणू दिवसा असायच्या. आमचे हे सुरुवातीला पेपरातली भरतीची वेळ काढून ताडून बघायचे. कंटाळून त्यांनी ते सोडून दिलं, कारण चूक काही सापडेना.

बाबांना मूलबाळ नव्हतं. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको चांगुणाआजी, दोघंच. आजी बारीक, काळीसावळी, कमरेत वाकलेली, सदा पायरीवर बसून काहीतरी निवडत असायची. मला कधी गवार दे, कधी सुकी कोलंबी दे. मग तिचं काहीतरी बिनसायला लागलं. एकाच सकाळी मला तीनदा विचारलं, "तू कोनाची गो?" मी म्हटलं, म्हातारपण.

आणि त्याच सुमारास बाबांची भरती चुकायला लागली.

सकाळी दहाला हाळी, बाराला हाळी, पुन्हा चारला. पेपरात बघावं तर कडक ओहोटी. गल्लीला आयतीच करमणूक झाली. बियर शॉपीवाला म्हणे, "बाबा, आज किती वेळा भरली?" नव्या सोसायटीतल्या एका बाईंची मुलं दुपारी झोपत नव्हती, त्या भांडायला आल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. एवढा वेळेचा पक्का माणूस असा बिघडलेला बघून जरा बरंसुद्धा वाटलं.

हसला नाही तो फक्त धर्माजी. हा बाबांचा लहानपणापासूनचा सोबती, गावच्या पंचांतला एक. एक दिवस आमच्याच जिन्यात उभा राहून तो बाबांना म्हणाला, "हसू, ओहोटीला भरती बोंबलतस? लाज नाय वाटत?" त्याच्या रागाला कारण होतं. खोटी हाळी म्हणजे त्या गावात फार मोठा गुन्हा. बायका वेचलेलं टाकून धावत सुटायच्या. हाळी दोनदा खोटी निघाली तर तिसऱ्यांदा खरी असली तरी कोणी वर यायचं नाही, आणि मग मढीच काढावी लागायची. चिखल राहिला नव्हता, पण नियम राहिला होता. बाबा मान खाली घालून म्हणाले, "कान गेलं धर्मा. पानी आयकू येत नाय." त्या वर्षी नारळी पौर्णिमेला पहिला नारळ दुसऱ्या घराकडे गेला. बाबा दिवसभर घरात बसून होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी हापिसातून लवकर घरी येत होते. गल्लीच्या खालच्या टोकाला खडीचा मोठा ढीग पडला होता, बाजूने डंपर मागे येत होता. ढिगापाशी चांगुणाआजी. लुगडं वर खोचलेलं, कमरेत वाकलेली, खडी वेचून ओटीत भरत होती. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, शिव्या घालतोय, हिला पत्ताच नाही. मी धावले, दंडाला धरलं, तर तिने हात झटकून टाकला.

तेवढ्यात वरून हाळी आली. "पानी भरलं गो, वर चला गो."

आजी सरळ झाली. आपल्या पायांकडे बघितलं, ओटी घट्ट धरली आणि भराभर घराकडे चालायला लागली. डंपर मागून निघून गेला. पायऱ्यांपाशी बाबा बादली घेऊन उभे होते. ती पाय पुढे करी, ते पाणी ओतत. पायांना चिखल कसला, नुसती धूळ. मग तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन?"

"मी काठावरचा," बाबा म्हणाले. तिच्या ओटीतले खडे त्यांनी हातात घेऊन बघितले. "मोठ्या हायेत गो आज शिंपल्या."

आजी लाजून हसली आणि आत गेली.

मी म्हटलं, "बाबा, धर्माजींना सांगा ना. तुमचा मान गेला, लोक तुम्हाला वेडं म्हणतात."

"मना हसतान, हसू दे." ते खडे एकेक करून पायरीच्या कडेला ठेवत होते. "तिला हसलेलं नाय चालनार मना. तू पन बोलू नको, बाय."

हिवाळ्यात आजी गेली, आपल्या अंथरुणातच. बाबांची हाळी त्या दिवसापासून बंद झाली. खोटीही नाही आणि खरीही नाही. गल्लीला सुटल्यासारखं झालं. महिन्याभराने बियर शॉपीवाल्यानेच मला विचारलं, "बाबा दिसत नाहीत?" ते दिसत नव्हते, कारण खिडकी लावून बसलेले असत.

पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धर्माजी नारळ घेऊन आला. राग गेला होता, तोही थकला होता. "झालं ते झालं. उद्या पयला नारल तूच टाक." मी जिन्यात उभी होते. आता सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

"नको," ते म्हणाले. "खोटी ओरडलो मी. नारल माझा नाय."

धर्माजी नारळ घेऊन परत गेला. आज दोघंही नाहीत. इमारत पाडून सात मजली झाली, आम्ही कामोठ्याला आलो. मध्ये एकदा बंदरगल्लीत गेले होते, चांगुणा हे नाव ओळखणारंसुद्धा कोणी भेटलं नाही. तिला हसायला आता तिथे कोणी उरलेलं नाही, म्हणून हे सांगते आहे.

त्या दिवशी धर्माजी नारळ घेऊन परतल्यावर मी वर निघाले होते. सवयीने चपला हातात घेतलेल्या. बाबांनी थांबवलं.

"चपला खालीच ठेव, बाय. आता पानी नाय येत."