बारदान वजा करून

औरंगपुऱ्यातून वजनकाटा आणायचा निर्णय माझा. (घरातले फसणारे निर्णय माझेच असतात. नवरा, सुयश, फक्त गाडी काढतो.) कारण होतं सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, गुडघे. डॉक्टर म्हणाले, "संधिवात आहे. एक किलो वाढला की गुडघ्यावर चौपट भार. पाच किलो उतरवा, नाहीतर ऑपरेशनचं बोलावं लागेल."

ऑपरेशन म्हटल्यावर आबा नाही घाबरले. खुर्चीवरून ताडकन उठले ती मी.

आबा वैजापूरच्या मार्केट यार्डात तीस वर्षं कांद्याच्या गोण्या तोलणारे मापारी होते. दर सोमवारी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं काम त्यांनीच घेतलं. मी घरातले लाडू, शेव, शिरा त्यांच्या हाती लागण्याआधी संपवत होते. (खाऊन. दुसरा उपाय सुचेना.) आकडा उतरू लागला : अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी.

इथंच मला संशय आला. आबा खुशीत दुसरी भाकरी मागायचे, लेंग्याची नाडी पुरेना आणि जिन्यावर गुडघे तसेच कटकट वाजत. काटा बिघडला? शेजारच्या साळूबाई चोरून पुरणपोळी पोचवतात? की काही भयंकर आजार? (गुगलवर चार सापडले. त्यातले दोन मलाच होते.)

सोमवारी दाराआडून पाहिलं. काट्यावर एकोणनव्वद. आबांनी लिहिलं, त्र्याऐंशी!

"आबा!" मी इतक्या जोरात ओरडले की मीच दचकले. "सहा किलो कुठं गेले?"

"बारदान वजा केलं."

"कसलं बारदान?"

"गोणीचं वजन कांद्यात धरतेत व्हय? लेंगा, बंडी, चष्मा, कवळी. अन् दोन तांबे पानी पिलोय, ते काय राहनार नाय."

"तरी सहा?"

"आमच्या घरात हाडं लई जड असतेत."

"अहो, गुडघा बारदानासकट उचलतो!"

 आबा गुडघा चोळत हळूच म्हणाले, "हे डॉक्टर बोल्लाच नाय. आजपासून एकच भाकरी. बरं, तू चढ बघू."

मी ऐटीत चढले. दिवाळीत अठ्ठावन्न होते. आता चौसष्ट.

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

आबांनी पेन्सिल कानामागून काढली. "बोल."

"ओढणी. बांगड्या."

"अर्धा किलो. अजून?"

"केस ओले आहेत, आबा."

"त्याचं किती धरू, पोरी?"

"पाच धरा."